दिवा एकीकडे, धूर दुसरीकडे

दरसाल १४ डिसेंबर रोजी आपल्या देशात राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून घोषवाक्ये फळ्यावर लिहिली जातात, चित्रे रंगवली जातात, आणि ‘खोलीबाहेर जाताना दिवा मालवा’ हा उपदेश मुलांस पुन्हा एकवार केला जातो. उपदेश खोटा नाही. परंतु उपदेश म्हणजे शिक्षण नव्हे. दिवा का मालवावा, न मालवल्यास कोणाचे काय जाते, आणि तो पेटतो तेव्हा कोठे काय जळते, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मुलास ठाऊक नाहीत, त्यास हा धडा ‘खरे बोलावे’, ‘लवकर उठावे’ यांच्याच पंक्तीस बसलेला वाटणार, आणि त्याचे पालनही तितपतच होणार, यात नवल नाही.

या प्रश्नांची उत्तरे पदार्थविज्ञानात आहेत तशीच ती इतिहासातही आहेत. किंबहुना, आमच्या मते, ती इतिहासाच्या द्वारे मुलांच्या मनात अधिक खोल उतरतील. आणि हा इतिहास एकाच ठिकाणी उभे राहून पाहावयाचा तर महाड-पोलादपूरच्या खोऱ्याइतके सोयीचे स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. म्हणून प्रस्तुत लेखात त्या खोऱ्याच्या आधाराने हा विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडास येते, गांधारी व काळ यांचे पाणी पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. खाडीची भरती महाडाच्या आसपासपर्यंत चढते. यामुळे आगगाडी व मोटार यांच्या पूर्वीच्या काळी महाड ही घाटमाथा आणि समुद्र यांच्यामधली नांदती पेठ होती. वरंध घाटाने व पार घाटाने बैलांच्या पाठीवरून माल खाली येई आणि महाडास गलबतांत चढे. या सर्व उलाढालीस लागणारी शक्ती डोळ्यांस दिसत असे. ती बैलाच्या खांद्यावरील घट्ट्यात होती, शिडात भरलेल्या वाऱ्यात होती, भरतीची वाट पाहात बसलेल्या तांडेलाच्या धीरात होती. घरात ती पहाटे जात्यावर बसलेल्या सुनेच्या दंडात होती. तो काळ सुखाचा होता असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. त्या सुनेस विचारले असते तर तिने वेगळेच सांगितले असते. आमचे म्हणणे इतकेच की, पिठाची किंमत कोण देतो हे त्या घरातल्या मुलास शिकवावे लागत नसे. श्रम आणि श्रमाचे फळ ही एकाच छपराखाली राहात होती.

ही दोन्ही प्रथम दूर झाली ती कोळशामुळे. येथे कोळसा म्हणजे खाणीतला नव्हे, लाकडाचा. एकोणिसाव्या शतकात मुंबई झपाट्याने वाढली. लाखो माणसांच्या चुली व शेगड्या पेटत्या ठेवावयाच्या तर सरपण हवे, आणि ते ठाणे व कुलाबा या जवळच्या जिल्ह्यांच्या जंगलांतूनच येणार, हे उघड होते. परंतु लाकूड जड व अवजड. त्याचा कोळसा केला तर तो हलका होतो, गोण्यांत भरता येतो आणि शहरातल्या कोंदट खोलीत धूर न करता जळतो. म्हणून ऐन, किंजळ, जांभूळ यांची लाकडे तोडून डोंगरातच रचावी, त्यांवर पाला व माती लिंपावी, हवेस जेमतेम वाट ठेवून कित्येक दिवस ती आतल्या आत धुमसू द्यावी, आणि कोळसा पाडावा, हा धंदा या भागात रूढ झाला. तो करीत ते बहुतांशी कातकरी. खैराचा काथ काढणारे म्हणून ज्यांस हे नाव पडले, तेच पुढे ठेकेदाराची उचल घेऊन बायकामुलांसह भट्टीजवळ झोपडी घालून राहू लागले.

या भट्टीचा हिशोब कोणत्याही शाळेतील सहावी-सातवीच्या मुलास करता येईल. मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा पडण्यास सुमारे सहा किलो लाकूड लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत १५ मेगाज्यूल उष्णता धरली आणि कोळशाच्या एका किलोत ३०, तर लाकडातील ९० पैकी केवळ ३० मुंबईस पोहोचतात. उरलेले ६०, म्हणजे दोन तृतीयांश, डोंगरावरच धूर आणि ऊब होऊन विरून जातात. मुंबईच्या शेगडीस धूर नाही असे गृहिणी म्हणे ते खरेच होते. तिच्या वाटचा धूर कुलाब्याच्या डोंगरात कातकरणीच्या डोळ्यांत आधीच जाऊन आलेला होता. आमच्या या सबंध विषयाचे बीज या एका हिशोबात आहे. शक्तीचे रूपांतर करून ती दूर नेता येते; परंतु रूपांतराची किंमत नेता येत नाही, ती जेथल्या तेथे कोणास तरी द्यावी लागते.

सरकारच्या लक्षातही जंगलाचा ऱ्हास आला. परंतु त्याचा बंदोबस्त झाला तो निराळ्याच रीतीने. १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगर राखीव झाले, आणि भाताच्या रोपासाठी शेतात राब भाजणाऱ्या कुणब्यावर पाला व टहाळ तोडण्यास निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून याविरुद्ध एवढी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारास त्याच्या चौकशीसाठी खास मंडळ नेमावे लागले. शहराने जाळलेल्या जंगलाचा दंड खेड्याने भरावा, असा हा न्याय होता. काटकसरीचा उपदेश प्रथम त्यासच करावयाचा की ज्याचा खर्च सर्वांत थोडा, ही रीत तेव्हापासूनची आहे. ती अद्याप गेली नाही, हे पुढे दिसेलच.

याच काळात मराठी शाळा गावोगाव निघाल्या, क्रमिक पुस्तके आली, भूगोल व पदार्थविज्ञान यांची तोंडओळख मुलांस होऊ लागली. ही थोर घटना होय. परंतु भट्टीपुरता विचार केला तर त्या शिक्षणात एक मोठी फट दिसते. ज्या मुलास भट्टी ठाऊक होती ते कातकऱ्याचे पोर शाळेत नव्हते. आणि जे मूल शाळेत होते त्यास भट्टी ठाऊक नव्हती. एकास ज्ञान होते, अक्षर नव्हते; दुसऱ्यास अक्षर होते, हे ज्ञान नव्हते. धड्याचे दोन्ही अर्धे भाग या एकाच डोंगरात होते, पण ते एका बाकावर कधी बसले नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी शक्तीचे रूप पुन्हा पालटले. टाटांच्या जलविद्युत् कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात तळी बांधून घाटमाथ्याचे पाणी नळांवाटे खोपोलीस उतरवले, आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा येथील केंद्रे निघाली. तिन्ही केंद्रे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातली. या नव्या शक्तीस ‘पांढरा कोळसा’ असे कौतुकाचे नाव होते. धूर नाही, राख नाही, खाण नाही! खरोखरच ती विद्या कौतुकास पात्र होती. परंतु किंमत येथेही होती. ती फक्त घाटाच्या पलीकडच्या अंगास होती. भिऱ्याच्या केंद्रास जे पाणी पुरवायचे त्यासाठी मुळशी पेट्यातील गावे व भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. मावळ्यांनी ती देण्याचे नाकारले, आणि १९२१ च्या एप्रिलात सेनापती बापट प्रभृतींच्या पुढारीपणाखाली जो सत्याग्रह सुरू झाला तो १९२४ पर्यंत चालला. सत्याग्रह हरला, धरण झाले. धरणामुळे उठलेल्या लोकांचा जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक होय, हे आज अभ्यासक मान्य करतात. आमच्या शाळांतून मात्र तो स्वातंत्र्यलढ्याच्या पाठात एखाद्या ओळीत आटोपतो आणि विजेच्या पाठात तर येतच नाही.

१९२७ हे साल महाडच्या इतिहासात निराळ्याच कारणाने अमर झाले आहे. त्या वर्षी २० मार्च रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. ज्या जिल्ह्यात भिऱ्याच्या यंत्रांतून सह्याद्रीचे पाणी मुंबईच्या गिरण्यांची चाके फिरवू लागले, त्याच जिल्ह्यात त्याच वर्षी सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसांस मार खावा लागला. या दोन घटनांचा परस्परसंबंध कार्यकारणाचा नाही, हे उघड आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो एकच: सृष्टीने सर्वांस दिलेली वस्तू नेमकी कोणाची? महाडच्या मुलास हा प्रश्न परका वाटावयाचे कारण नाही. तळ्याच्या काठावर त्याच्या गावाने तो जगापुढे मांडलेला आहे.

आता महाबळेश्वरकडे वळू. ज्या डोंगरातून सावित्री पश्चिमेस उतरते त्याच डोंगरात कोयनेचा उगम आहे. पण ती दक्षिणेस वाहात जाऊन हेळवाकपाशी पूर्वेस वळते व कऱ्हाडास कृष्णेस मिळते. स्वातंत्र्यानंतर तिच्यावर धरण झाले. पूर्वेस जाणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळवून पोफळीस कड्याखाली सोडण्यात आले, आणि १९६२ पासून कोयनेची वीज महाराष्ट्रास मिळू लागली. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाच्या तारा पुढच्या दशकांत खेडोपाडी पोहोचल्या त्या बऱ्याच अंशी या पाण्याच्या बळावर. खेड्यातील मुलास रात्री वाचण्यापुरता उजेड मिळाला, गिरणीने सुनेचे जाते थांबवले. हे ऋण विसरता कामा नये. परंतु शिवसागराच्या तळाशी गेलेली गावेही विसरता कामा नयेत, आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही. त्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. जलाशयाच्या पाण्याने तो भूकंप चेतवला असावा, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञांचे मत आहे. ‘पांढऱ्या कोळशा’सही आपली राख असते, ती फक्त दिसत नाही.

येथवर हे खोरे व त्याच्या भोवतालचा मुलूख किंमत देणाऱ्यांच्या बाजूस उभा होता. पुढे त्याने बाजू बदलली, आणि हा पालट मुलांस सांगणे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. महाडास औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे कारखाने आले, घरोघरी पंखे व शीतपेट्या आल्या. आज महाराष्ट्रातील विजेचा मोठा हिस्सा दगडी कोळशापासून होतो, आणि तो कोळसा जळतो शेकडो मैल दूर, विदर्भात. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाची वीज होते. बाकी दोन तृतीयांश उष्णता पाण्यात व हवेत जाते. वाचकांस कातकऱ्याच्या भट्टीचा हिशोब आठवत असेलच. दीडशे वर्षांनी यंत्र पालटले, प्रमाण जवळजवळ तेच राहिले! फरक एवढाच की, पूर्वी कुलाब्याच्या डोंगरात धूर होता व मुंबईस ऊब होती. आता महाडास दिवा आहे आणि धूर चंद्रपूरच्या मुलांच्या छातीत आहे.

परंतु या धुरातील एक भाग चंद्रपुरातही राहात नाही. कोळशाच्या विजेचे एक युनिट निर्माण होताना सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो व सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड, ज्यास आमच्या जुन्या पुस्तकांत कर्बद्विप्राणिद म्हणत, तो वायू आकाशात जातो. त्यास जिल्ह्याची सीमा नाही, देशाचीही नाही. तो पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. हवा एक अंशाने तापली तर तीत सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. आणि ते बाष्प जेव्हा पडते तेव्हा एकदम पडते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या.

महाड-पोलादपुरास हे आकडे पुस्तकात वाचावे लागत नाहीत. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली गेले, तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे एका संध्याकाळी नाहीशी झाली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही माणसे दरडीखाली सापडली. त्या वेळी वर महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. कोणत्याही एका दरडीचे खापर एकाच कारणावर फोडणे शास्त्रास धरून नाही. उताराची माती, खडकाच्या भेगा, झाडांची तोड, रस्त्यांसाठी केलेली डोंगरकाप, या सर्वांचा हिशोब करावा लागतो. तथापि तापलेल्या हवेने ओझे वाढवले, हे नाकारणेही शास्त्रास धरून होणार नाही. आणि तळियेच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या घरांनी विजेची अशी कितीशी उधळपट्टी केली होती?

येथे आम्ही खऱ्या अडचणीपाशी येतो. वीज वाचवण्याचा उपदेश मुंबईच्या वातानुकूलित शाळेतील मुलास करणे एक, आणि पोलादपूरच्या डोंगरवाडीतील, ज्याच्या घरी एक-दोन दिवे आहेत व तेही पावसाळ्यात वारंवार जातात, अशा मुलास करणे दुसरे. दोघांस एकच घोषवाक्य देणे म्हणजे १८७८ सालच्या जंगल कायद्याची पुनरावृत्ती होय. कित्येक सुज्ञ शिक्षक या संकोचापायी हा विषय गुंडाळून टाकतात. शिवाय दरडीत आप्त गमावलेल्या मुलांपुढे हवामानाची भीती कशास घालावी, असेही त्यांस वाटते. हा संकोच माणुसकीचा आहे, आम्ही त्याचा आदर करतो. परंतु त्यावर उपाय मौन नव्हे. भट्टीपाशी जन्मलेल्या पोरास आपल्या धुराचे शास्त्र कोणी सांगितले नाही, म्हणून त्याचा धूर कमी झाला नाही; केवळ त्यास त्याचे कारण कळले नाही. ज्यावर आपत्ती कोसळते त्यास तिचे कारण जाणण्याचा अधिकार सर्वांहून अधिक आहे.

कायद्याने या शिक्षणास वाट करून दिलेली आहे. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी जागतिक परिषद भरली, तेव्हापासून हा शब्द शाळेच्या दाराशी आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे सांगितले, आणि १८ डिसेंबर २००३ रोजी त्याच्या अंमलबजावणीचे आदेश पुन्हा दिले. महाराष्ट्रात लहान इयत्तांस परिसर अभ्यासाची पुस्तके आहेतच. विषय आला, पुस्तक आले, गुण आले. आणि, जसे आपल्याकडे होते, गुण आल्यावर विषय प्रकल्पवहीत चिकटवलेल्या चित्रांपुरता उरला. ‘परिसर’ या शब्दाचा अर्थ मात्र वहीच्या बाहेर होता.

वास्तविक आपल्याकडे याहून चांगला विचार पूर्वीच झालेला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने, आणि पुढे झाकीर हुसेन समितीने, मुलांचे सर्व ज्ञान हाताच्या कामाशी व भोवतालच्या जीवनाशी गुंफावे असे सांगितले होते. टकळी आणि चरखा यांपुरतीच ती योजना लोकांच्या स्मरणात राहिली; तिचे तत्त्व मागे पडले. हेच तत्त्व ऊर्जेच्या धड्यास लावून पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

ते फार कठीण नाही. शाळेच्या भिंतीवर विजेचे मीटर असते. ते रोज एका मुलाने वाचून फळ्यावर लिहावे. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्यास नऊ युनिटे जातात, तितकाच उजेड देणाऱ्या नऊ वॉटच्या एलईडी दिव्यास दीडही लागत नाही. वाचलेल्या साडेसात युनिटांचा कोळसा पाच किलोंहून अधिक भरतो, एवढे त्रैराशिक मुलांनी मांडावे. आजीने मोळीसाठी किती डोंगर चढला हे तिला विचारून यावे, आणि गॅसची टाकी आल्यावर तिच्या दिवसातले किती तास सुटले तेही. कातकरवाडीतील मुलास भट्टीचे वर्णन करावयास वर्गापुढे उभे करावे. ज्या ज्ञानास शाळेने आजवर अक्षर दिले नाही ते फळ्यावर यावे. महाडजवळ सव येथे सावित्रीच्या काठी उष्णोदकाचे झरे आहेत. पृथ्वीच्या पोटातील उष्णता म्हणजे काय हे तेथे हात बुडवून कळते. आणि नकाशावर खोपोली, भिरा, मुळशी, पोफळी, चंद्रपूर ही नावे शोधून, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहाव्या: येथून कोणास काय मिळाले, आणि येथे कोणाचे काय गेले.

अशा धड्यातून निघालेले मूल दिवा मालवीलच, पण सुविचार म्हणून नव्हे. त्या बटणाच्या दुसऱ्या टोकास कोण आहे हे त्यास ठाऊक असेल म्हणून. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, उद्या त्याच्या डोंगरावर कोणी नवे धरण, नवी खाण वा नवा कारखाना घेऊन आला, तर ते मूल दोन्ही प्रश्न विचारील: दिवा कोठे लागणार, आणि धूर कोठे जाणार? चवदार तळ्याच्या गावाने पाण्याविषयी असा प्रश्न एकदा विचारलेला आहे. तो शक्तीविषयी विचारण्यास तेथील मुलांस आपण शिकवतो की नाही, यावर या खोऱ्याचे पुढील पावसाळे काही अंशी तरी अवलंबून राहतील.